नाट्यगायिका ऑपेराकडे वळते तेव्हा : गोव्यातील एक प्रकरण

हे प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका गायिकेचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातल्या माणसांचे काही तपशील बदलले आहेत. तिच्या नाटकांना मी बरीच वर्षे ऑर्गनची साथ करतो. पुढचे काही मी डोळ्यांनी पाहिलेले आहे, काही तिने आणि तिच्या दोन्ही गुरूंनी सांगितलेले. लिहायला तिची परवानगी आहे. गाणे शिकवणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात एखादी मुलगी गाण्यात पडली आहे त्यांनी हे वाचावे असे मला वाटते, कारण तिच्या गळ्याचे जे झाले त्यात गाण्याच्या पद्धतीपेक्षा दिवस-रात्रीच्या हिशेबाचा वाटा मोठा होता आणि तो हिशेब कोणाकडेच पुरा नव्हता.

पार्श्वभूमी

गोव्यात मराठी नाटक देवळाच्या अंगणात वाढले. जत्रा असो, कालो असो की वर्धापनदिन, पालखी आत गेली, आरती झाली की मंडपातला पडदा वर जातो. अकराला नाटक सुरू झाले तर वेळेवर सुरू झाले म्हणायचे. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, रामदास कामत म्हापशाचे. त्यामुळे नाट्यपद कसे लागले पाहिजे हे इथल्या प्रेक्षकाला शिकवावे लागत नाही. समेवर यायला जरा उशीर झाला तर पुढच्या खुर्चीतला म्हातारा शेजाऱ्याकडे नुसते बघतो, आणि ते बघणे रंगमंचावरून दिसते.

ही गायिका अशाच घरातली. आजोबा पोर्तुगीज काळातले, त्या वेळच्या पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेले आणि गावच्या नाटकात स्त्रीपार्ट करणारे. वडील हौशी नट, पुढे देवस्थान समितीवर. आठव्या वर्षी ती बुवांकडे शिकायला बसली. विशारद झाली. विशीत येईपर्यंत सौभद्रातली सुभद्रा आणि स्वयंवरातली रुक्मिणी तिला पाठ होत्या आणि आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली होती. हंगामात एकेका नाईटचे जे पाकीट मिळे ते मोठे नसे, पण शाळेतल्या कंत्राटी संगीतशिक्षिकेच्या पगाराला त्याचा चांगला हातभार लागे. हा पैशाचा भाग लक्षात ठेवावा, पुढे तो लागेल.

शाळा पणजीत होती. तिथल्याच एका सहकारी बाईंनी तिला एका गायनवृंदाच्या तालमीला नेले. चार आवाज एकमेकांत गुंतून गातात आणि कोणाच्याही हातात माईक नाही, हे तिने जवळून पहिल्यांदा ऐकले. महिन्याभरात ती त्याच वृंदातल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेकडे एकटीने ऑपेराचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाचे, गाणे शिकायला जाऊ लागली. सगळे त्यांना मिस म्हणत, तीही मिसच म्हणू लागली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतली पुष्कळ मुले चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकतात. हिने बाविसाव्या वर्षी पाच रेघा आणि त्यांवरचे ठिपके ओळखण्यापासून सुरुवात केली.

काही गोष्टी तिला फार सोप्या गेल्या. अठराव्या शतकातल्या एका इटालियन गाण्यातली धावती स्वरावली मिसनी पियानोवर वाजवली, हिने दोनदा ऐकून ती गाऊन दाखवली. वर्षानुवर्षे पलटे घोटलेल्या गळ्याला त्यात नवे काही नव्हते. पण गाऊन झाल्यावर मिस म्हणाल्या, "सूर सगळे बरोबर आहेत, आता ओळ दे." तानेतल्या प्रत्येक सुराला ती गळ्यातून बारीकसा धक्का देत होती, इथे तीच धाव श्वासाच्या एका सलग धारेवर हवी होती. दुसरी अडचण तंबोऱ्याची. जन्मभर मागे षड्ज वाजत असलेल्या माणसाला पियानोवर स्वरसंगती दर मात्रेला बदलू लागली की आपण कुठे उभे आहोत तेच कळेनासे होते. इटालियन आणि जर्मन उच्चारांनी जो वेळ खाल्ला तो वेगळाच.

तिसरी गोष्ट माईकची, आणि ती मुळाशी जाणारी आहे. ऑपेरात गायिका पन्नास-साठ वाद्यांच्या पलीकडून, ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. ओरडून ते होत नाही. पुरुषांच्या आणि खालच्या पट्टीतल्या स्त्रियांच्या तयार आवाजात तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास एक धार येते; वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असल्याने ती धार झाकली जात नाही. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका, वरच्या सुरांत जबडा आणि तोंडाची पोकळी त्या-त्या सुराशी जुळवून घेते आणि कमी कष्टात मोठा आवाज मिळवते. आपल्याकडेही हे अगदीच परके नव्हते. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात रंगमंचावर माईक नव्हताच. नंतर तो आला आणि दोन पिढ्यांत आवाज फेकण्याची ती जुनी शिस्त आपण गमावून बसलो. माईक असूनही आपले नट ओरडतात, हे मी ऑर्गनमागून वर्षानुवर्षे बघतो आहे.

अडचण

तिसऱ्या वर्षी मिसनी सुचवले की ब्रिटनमधल्या एखाद्या कॉन्झर्व्हेटॉयरला, म्हणजे संगीत महाविद्यालयाला, अर्ज कर. अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते आणि चाचण्या बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात होतात. आमचा उत्सवी हंगाम कार्तिकात, म्हणजे त्याच दिवसांत उघडतो. तिने दोन्हीकडे हो म्हटले.

खरी गाठ इथे होती : बुवांना पणजीतल्या शिकण्याबद्दल काही माहीत नव्हते आणि रात्री किती नाटके होतात हे मिसना माहीत नव्हते. बुवा 'इंग्रजी गाणे गळा बिघडवते' म्हणतील अशी तिला धास्ती, आणि मिस 'नाटक सोड' म्हणतील अशी. दोघांपैकी कोणी तसे म्हटलेले नव्हते. तिने दोघांच्या वतीने स्वतःच उत्तरे देऊन टाकली होती.

आता सुरांकडे बघू. तिचा षड्ज काळी चारचा, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. त्या हिशेबाने तारसप्तकातला मध्यम आणि पंचम येतात ते साधारण ५५४ आणि ६२२ हर्ट्‌झवर. नाट्यपदात टाळी मिळते ती याच जागांवर, आणि ती तिथे खालचाच भरदार आवाज वर खेचून, उघड्या आकारात, पूर्ण जोर लावून गात असे. पाश्चात्त्य पद्धतीत सोप्रानोचा आवाज नेमका याच टापूत, थोडे खालीवर, वळवून डोक्याच्या आवाजात न्यावा लागतो. म्हणजे एकाच दिवशी दुपारी ती ज्या सुरावर आवाज हलका करायला शिकत होती, रात्री त्याच सुरावर तो जड करून आदळत होती. ६२२ हर्ट्‌झ म्हणजे स्वरतंतू सेकंदाला सहाशे बावीस वेळा एकमेकांवर येतात.

एवढे असूनही नुसत्या दोन पद्धतींनी गळा बसला असता असे मला वाटत नाही. तिचा त्या दिवसांतला एक दिवस मांडून दाखवतो. सकाळी साडेसातला शाळा. चाळीस-पन्नास मुलांचे वर्ग, पंखे चालू, खिडकीबाहेर रस्ता, माईक नाही. दुपारी मिसकडे तास. संध्याकाळी बसने परत आणि तालीम. रात्री अकरा ते तीन प्रयोग. मध्यंतरात समितीकडून जेवण. तिखट कालवण, वर सोलकढी, आणि त्यावर लगेच पुढचा अंक. पहाटे चारला आडवे व्हायचे, सहाला उठायचे.

मंडपातल्या ध्वनियोजनेने उरलेली कसर भरून काढली. गावातल्या नाटकाला स्पीकर सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले असतात, काही तर देवळाच्या पायऱ्यांकडे. रंगमंचावर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येतात जनरेटर, तबला, आणि खाजे-चणे विकणाऱ्यांच्या हाका. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते. ती प्रयोगाच्या दर रात्री चार तास तेच करत होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस सकाळी उठल्यावर आवाज घोगरा येऊ लागला. आधी अंघोळीपर्यंत टिके, मग दुपारपर्यंत. बुवा म्हणाले, "जागरणाने बसलाय, ज्येष्ठमध धर तोंडात." आईने हळद-दूध सुरू केले. रात्री पहिला अंक गायला लागली की आवाज मोकळा होई आणि सगळे निश्चिंत होत. जोरात गाताना काहीच कळत नव्हते. कळले ते मिसना. त्यांनी वरच्या सुरांत अगदी हलक्या आवाजात एक ओळ गायला सांगितली आणि तिथे सूर लागेचना; आधी नुसती हवा यायची, मग एकदम आवाज. स्वरतंतूंवर सूज आली की आधी जातो तो वरचा हलका आवाज. आपल्या नाट्यगायनात हलका वरचा सूर क्वचितच लागतो, म्हणून आपल्या कानांना तो गेलेला कळत नाही.

याच सुमारास एक निर्णयाचा क्षण आला. एका मोठ्या उत्सवाच्या दुपारी तिचा आवाज जवळजवळ गेला. जाहिराती लागलेल्या, गाड्या ठरलेल्या. कोणीतरी एका दवाखान्याचे नाव सुचवले : स्टेरॉइडचे इंजेक्शन घे, रात्रीपुरता आवाज उघडतो. तो उघडतो हे खरे आहे. सूज उतरते आणि दुखणे कळत नाही, म्हणून गाणारा सुजलेल्या तंतूंवर पूर्ण ताकदीने गातो; अशा वेळी तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटण्याचा धोका असतो. तिने इंजेक्शन घेतले नाही. कारण विचाराल तर विशेष काही शहाणपण नव्हते, तिला सुईची भीती वाटते. प्रयोग झाला, दोन पदे गाळली, बाकीची तिने निम्म्या आवाजात काढली आणि मी ऑर्गनचा भाता जरा जास्त दाबून पोकळ्या भरल्या. प्रेक्षकांत कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी मिस तिला स्वतः घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या.

साध्या दुर्बिणीत 'थोडी लाली आहे' एवढेच दिसले. या डॉक्टरांनी तिथे न थांबता स्ट्रोबोस्कोपी करायला लावली. लुकलुकणाऱ्या प्रकाशात कंप पावणारे स्वरतंतू सावकाश हलताना दिसतात, ते बघायची ही तपासणी. दोन्ही तंतूंवर समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे, बारीक गाठी निघाल्या. आदोळीवर (विळीवर) रोज नारळ खवणाऱ्या हाताला घट्टा पडतो, तसल्याच. शिवाय रात्रीच्या जेवणाने पोटातले आम्ल वर येत असल्याच्या खुणाही होत्या.

समोरचे पर्याय

घरात चार मते झाली. दादाचे म्हणणे, शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे, आठवड्याचे काम. डॉक्टरांनी ते लगेच बाजूला ठेवले : अशा कोवळ्या गाठी आवाजाच्या उपचारांनी बहुधा ओसरतात, कापल्या आणि सवयी त्याच राहिल्या तर परत येतात, आणि तंतूवर व्रण राहिला तर तो गायिकेला जन्मभर पुरतो.

वडिलांना वाटे, ऑपेरा सोडावा. त्यांचा हिशेब निव्वळ व्यवहाराचा होता आणि मला तो चूक वाटला नाही. भारतात वर्षभर पगार देणारी ऑपेराची मंडळी नाही. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडले ते २०१६ मध्ये पुन्हा उघडले, पण तिथेही गायकांचा कायमचा संच नाही. जर्मनीत सरकारी आणि नगरपालिकांच्या पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे आहेत आणि गायकांना तिथे नोकऱ्या मिळतात; म्हणजे हे करिअर करायचे तर देश सोडायचा. ब्रिटनमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाची फी वीस हजार पौंडांच्या वर, राहणे-खाणे वेगळे. तरुण गायकांसाठीच्या पुष्कळ योजनांना तिशी-बत्तिशीची वयोमर्यादा असते, आणि ही पंचविशीची.

मिसचा कल नाटक सोडण्याकडे होता. त्या उदाहरण देत ते पॅट्रिशिया रोझारिओ यांचे : मुंबईत वाढलेल्या, गोव्याकडच्या घराण्यातल्या, लंडनला शिकून जगभर गायलेल्या सोप्रानो. पुढे त्या भारतात येऊन इथल्या मुलांना शिकवू लागल्या. हे उदाहरण खरेच आहे, पण या मुलीला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. हिच्या गळ्यात जे काही होते ते नाटकातून आलेले होते, आणि घरात येणाऱ्या पैशांतला एक भागही.

चौथा पर्याय डॉक्टरांचा. अर्ज वर्षभर पुढे ढकलावा, तीन-चार महिने उपचार घ्यावेत, नाटके कमी करावीत, बंद करू नयेत. 'बंद करू नयेत' हे ऐकून मला आश्चर्य वाटले. त्यांचे कारण असे की गायिकेला पूर्ण गप्प बसवले तर ती चौथ्या आठवड्यात लपून गाते, त्यापेक्षा मोजून गायलेले बरे.

पाचवा पर्याय कोणी मोठ्याने बोलले नाही, पण तिच्या मनात तो होता : हंगाम असाच रेटायचा आणि चैत्रानंतर बघायचे. आमच्या धंद्यात बहुतेक जण हाच पर्याय घेतात.

काय केले

आधी बुवांना सांगणे आले. ती मला सोबत घेऊन गेली, म्हणून मी हे प्रत्यक्ष पाहिले. बुवा ओट्यावर बसले होते. तिने सगळे सांगितले : पणजी, मिस, अर्ज, गाठी.

"बाय, तीन वर्षं शिकतेस आणि मला आज सांगतेस?" एवढे म्हणून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणून दाखव बघू त्यातलं काहीतरी."

"बुवा, डॉक्टरांनी गायचं नाही सांगितलंय."

"हळू म्हण. मला सूर नको, श्वास कुठे घेतेस तो बघायचाय."

तिने चार ओळी गुणगुणल्या. बुवांनी बरगड्यांकडे बघत ऐकले आणि विचारले, "हा श्वास तू माझ्याकडे गाताना का नाही घेत?" उत्तर तिच्याकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. मला वाटते त्या घटकेला अर्धे प्रकरण सुटले. पुढच्या आठवड्यात बुवा आणि मिस फोंड्याला एका चहाच्या हॉटेलात भेटले. दोघांनी वही काढून तिच्या महिन्याभराच्या तारखा लिहिल्या, आणि मिसना तेव्हा कळले की एका आठवड्यात ही मुलगी चार रात्री जागते.

स्पीच थेरपिस्टकडे आठवड्याला एक बैठक ठरली. व्यायाम दिसायला बालिश होते : पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून त्यातून हूं करत बुडबुडे काढायचे, ओठ फुरफुरवत सूर खालीवर न्यायचा. तोंड असे अर्धे बंद ठेवून आवाज काढला की मागे साठलेल्या दाबामुळे तंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. कुजबुजायचे नाही, खाकरायचे नाही. रात्रीचे जेवण प्रयोगाआधी, आणि मध्यंतरात पेज. बुवांनी पहाटेचा खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) चालू ठेवू द्या म्हणून आग्रह धरला. थेरपिस्टने ऐकून घेतले आणि पंधरा मिनिटे, बिनजोराचा, असा तो व्यायामात घालून टाकला.

मग पट्टीचा प्रश्न. बुवांनीच सुचवले : काळी चारऐवजी काळी तीन. पूर्ण एक सूर खाली आल्यावर तिचा तार पंचम ५५४ हर्ट्‌झवर आला, म्हणजे आधीच्या मध्यमाच्या जागी. सांगायला हे सोपे. करायला तबलजीला मोठ्या तोंडाचा दाया आणावा लागला आणि मला वर्षानुवर्षे बोटांत बसलेली पदे नव्या पट्ट्यांवर घोटावी लागली. अर्जुनाचे काम करणाऱ्या नटाने तर तोंड फुगवले, कारण त्याची पदे सलग मागून येतात आणि त्याचा खालचा षड्ज आता जमिनीला लागू लागला. त्याच्यासाठी आम्ही प्रवेशाच्या मध्ये चार ओळींचे गद्य वाढवून पट्टी बदलायला जागा केली. पट्टी उतरवली की गाणे उतरते, असा आमच्याकडे पक्का समज आहे. पहिल्या प्रयोगात मीही कान टवकारून बसलो होतो. तेज थोडे कमी झाले हे खरे. पण तिसऱ्या अंकातही तो आवाज पहिल्या अंकासारखाच होता, आणि असे तिच्या बाबतीत मी त्याआधी ऐकले नव्हते.

सगळ्यांत स्वस्त उपाय सगळ्यांत शेवटी सुचला. साऊंडवाल्याला सांगून एक लहान स्पीकर रंगमंचाच्या कडेला, नटांकडे तोंड करून ठेवला. साऊंडवाला म्हणाला, "एवढंच होतं होय? आधी सांगायचं ना." स्वतःचा आवाज ऐकू आल्याबरोबर तिने ओरडणे आपोआप कमी केले. शाळेत कमरेला अडकवायचा छोटा माईक घेतला, तो तिच्या पगारातून. शाळेने दिला नाही.

घेतलेल्या तारखांपैकी तीन तिने ठेवल्या, बाकी परत केल्या. एका समितीने आगाऊ रक्कम परत मागताना वर 'आता मोठी झालीस' असेही ऐकवले. ते तिच्या वडिलांना जास्त लागले.

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा स्ट्रोबोस्कोपी झाली. उजव्या तंतूवरची गाठ गेली होती, डाव्यावर नुसता उंचवटा उरला होता. वरचा हलका सूर त्याआधीच, जानेवारीत परत आला होता. आता ती तो दररोज सकाळी तपासते, डॉक्टरांकडे न जाता घरच्या घरी करायची ही सर्वांत खात्रीची चाचणी.

पुढच्या ऑक्टोबरात तिने अर्ज केला आणि चाचणी ध्वनिचित्रफितीवर दिली. चित्रण जुलैमध्ये, हंगाम नसताना करून ठेवले होते. दोन ठिकाणी नकार आला. एका ठिकाणी प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती फीच्या काही भागापुरती. घराने हिशेब केला, गहाण ठेवण्यासारखे भाट (नारळाची बाग) होते, वडील तयारही झाले होते. तिनेच नाही म्हटले. परीक्षकांनी लिहून पाठवले होते की मधल्या सुरांत दोन रंग ऐकू येतात, ते अजून एक झालेले नाहीत. हे वाचून मिस थोड्या खट्टू झाल्या, बुवा हसले.

सध्या ती शाळेत शिकवते, पणजी आणि मडगावच्या कार्यक्रमांत सोप्रानो म्हणून एकल गाते आणि हंगामात मोजकी नाटके करते. याला यश म्हणायचे की नाही, यावर घरात अजून दोन मते आहेत. गळा सलामत आहे एवढे निर्विवाद.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट तपासणीची. ऑपेराच्या शिक्षणाला गंभीरपणे सुरुवात केली तेव्हाच, आवाज निरोगी असताना एकदा स्ट्रोबोस्कोपी करून ठेवायला हवी होती. गाठी कधीपासून होत्या हे आज कोणी सांगू शकत नाही, कारण तुलनेला आधीचे चित्रच नाही. धावपटूचा गुडघा दुखण्याआधी बघतात; गायकाचा घसा मात्र आवाज गेल्यावरच बघायचा अशी आपल्याकडे रीत आहे. गंमत म्हणजे स्वतःचे स्वरतंतू आरशात बघायची युक्ती १८५४ साली काढली ती मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकानेच.

दुसरे, ही मुलगी दोन्ही गुरूंना एकमेकांपासून लपवत होती, पण दोघांनीही तिला कधी 'दिवसभर काय करतेस' असे विचारले नव्हते. विचारले असते तर तिने सांगितले असते, असे ती आज म्हणते. मला याची तितकीशी खात्री नाही. तरी शिकवणाऱ्याने विचारावे. शाळेतले सहा तास हा तिच्या गळ्यावरचा सगळ्यांत मोठा भार होता आणि त्याला कोणी गाणे समजत नसल्याने तो मोजलाच गेला नाही.

तिसरे, अर्जाचे वर्ष आणि हंगामाचे वर्ष एक करायला नको होते. चाचण्यांच्या तारखा दरवर्षी त्याच सुमारास येतात, पंचांगही आधीच छापलेले असते. दोन्ही भिंतीवर शेजारी टांगले असते तरी पुरते.

पट्टी उतरवण्याबाबत मात्र माझे मत बुवांपेक्षा थोडे वेगळे आहे. ती आम्ही आजाराचा उपाय म्हणून उतरवली आणि बरे वाटल्यावर परत चढवू असे सगळे गृहीत धरून होते. समित्या अजून विचारतात, 'काळी चार केव्हा?' माझ्या मते तिचा नाटकाचा आवाज काळी तीनचाच आहे आणि पहिल्यापासून होता. काळी चार तिला बुवांच्या वर्गातल्या पेटीने दिली, कारण तिथल्या सगळ्या मुली त्याच पट्टीत गात.

यंदा तिने दोन गावच्या समित्यांना जूनमध्येच तारखा आणि पट्टी लेखी कळवली. एका समितीने मान्य केली. दुसरीने नवी सुभद्रा ठरवली, एकोणीस वर्षांची, डिचोलीकडची. तिची तालीमही माझ्याच ऑर्गनवर चालू आहे. ती काळी पाचमध्ये गाते, सकाळी बालवाडीत शिकवते, आणि घशाच्या डॉक्टरांकडे अजून एकदाही गेलेली नाही. तिच्या आईला मी फोन नंबर दिला आहे.